ज्योत विझायच्या आत रंगीत स्वेटर: या चुका टाळा

हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन सुरू झालं की जगभरातल्या विणणाऱ्या मंडळींपैकी बऱ्याच जणी टीव्हीसमोर बसून सुईवर पहिले टाके घालतात. समारोपाला ज्योत विझायच्या आत काम पुरं करायचं, हा पण. ही टूम २००६ साली तुरिनच्या खेळांच्या वेळी कॅनडातल्या स्टेफनी पर्ल-मॅकफी यांनी काढली. नियम मोजके: काम तुमच्या हाताला अवघड वाटणारं हवं, उद्घाटनाआधी टाके घालायचे नाहीत, आणि ज्योत विझण्यापूर्वी संपलं पाहिजे. पुढे रॅव्हलरी या विणणाऱ्यांच्या संकेतस्थळावर याचंच 'रॅव्हलिंपिक्स' झालं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने त्या नावाला हरकत घेतली, म्हणून 'रॅव्हलेनिक गेम्स' असं नाव पडलं. हौस मात्र तीच.

तुरिनचे खेळ १० ते २६ फेब्रुवारी चालले, म्हणजे हातात १६ दिवस. टोपी किंवा मफलर निवडला तर आरामात होतं. पण नॉर्वेच्या स्कीपटूंचे नक्षीदार स्वेटर पडद्यावर दिसले की हात शिवशिवतात आणि माणूस मापाबाहेरचं काहीतरी अंगावर घेतो. मुदत हुकते ती हात मंद असल्यामुळे नव्हे. ती बहुतेक वेळा पहिला टाका घालण्याआधीच हुकलेली असते.

टाक्यांचा हिशेब न करणं

डिझाइन आवडलं म्हणून निवडू नका, आधी टाके मोजा. बारीक लोकरीचा, अंगभर रंगीत नक्षीचा फेअर आइल (स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांकडचा) पद्धतीचा स्वेटर घ्या. १० सेंटिमीटरला २६ टाके आणि ३० ओळी, छाती १०० सेंटिमीटर. म्हणजे एका फेरीत २६० टाके. काखेपर्यंत ४० सेंटिमीटर विणायचं तर १२० फेऱ्या, म्हणजे ३१,२०० टाके. दोन बाह्या, सरासरी ८० टाके आणि १३० फेऱ्या धरून, २०,८००. वरचा खांद्याचा गोल भाग आणखी साधारण १५,६००. एकूण ६७,६००.

सोळा दिवसांत वाटले तर रोजचे ४,२२५ टाके. दोन रंग सांभाळत मिनिटाला १५ टाके पडत असतील, तर रोज पावणेपाच तास. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि फेब्रुवारीतली लग्नं सांभाळून.

आता तोच हिशेब लोपापेसा या आइसलँडच्या स्वेटरला लावा. जाड लोकर, १० सेंटिमीटरला १८ टाके आणि २४ ओळी. अंग १७,२८०, दोन्ही बाह्या मिळून ११,०००, वरचा गोल भाग ९,०००. एकूण ३७,२८०. वर नक्षी मुख्यतः खांद्याच्या गोलात, खाली थोडीशी काठाला. बाकी सगळं एकरंगी, हात आपोआप धावतो. मिनिटाला सरासरी २० टाके धरले तरी रोजचे दोन तास पुरतात. पहिल्यांदाच मुदतीत रंगकाम (दोन रंगांची नक्षी विणणं) करणाऱ्या बाईने फेअर आइलकडे वळूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक फसगत. अंग विणून झालं की अर्ध्याहून जास्त काम झाल्यासारखं वाटतं. वरच्या आकड्यांत पाहा, अंग निम्मंसुद्धा नाही. बाह्या दिसतात लहान, पण लहान घेरात दोन धागे चालवताना वेग पडतो आणि हातही आवळतो. म्हणून बाह्यांना अर्ध्या नंबराने मोठी सुई घ्या. शक्य असेल तर बाह्याच आधी विणा. त्याने वरच्या गोलाला लागायच्या आधी आपला खरा वेगही कळतो आणि मापही.

नमुना विणायचा कंटाळा

उद्घाटनाआधी टाके घालायचे नाहीत, पण नमुना, म्हणजे माप तपासायचा छोटा तुकडा, विणायला मुळच्या नियमांत मुभा होती. पर्ल-मॅकफी त्याला सरावच म्हणत. ही सवलत सोडणाऱ्यांची मला खरंच गंमत वाटते.

एकरंगी सुलट विणीचा नमुना इथे चालत नाही. मागून दुसरा धागा धावत असल्यामुळे रंगकाम जास्त आवळून येतं. स्वेटर गोल, म्हणजे नळीसारखा अखंड, विणणार असाल तर नमुनाही गोल विणीसारखाच हवा, कारण उलट ओळीचा ताण बहुतेकींचा वेगळा असतो. झटपट करायचं तर गोल सुईवर फक्त सुलट ओळी विणा. ओळ संपली की धागे मागे सैल सोडून टाके पुन्हा सुईच्या उजव्या टोकाला सरकवा. नंतर मागचे सैल धागे कापायचे, नमुना धुवायचा, वाळवायचा आणि मगच मोजायचा. २६ ऐवजी २८ टाके बसत असतील तर २६० टाक्यांची छाती १०० वरून ९३ सेंटिमीटरच्या खाली येते.

त्याच नमुन्यावर रंग तपासून घ्या. डोळ्याला लाल आणि हिरवा अगदी वेगळे दिसतात, पण दोन्हींची गडदता सारखी असेल तर नक्षी चार फुटांवरून मिसळून जाते. मोबाइलवर लोकरीच्या गुंड्यांचा कृष्णधवल फोटो काढा. दोन्ही करड्या छटा सारख्या आल्या तर एक रंग बदला. आणि सगळी लोकर एकाच डाय-लॉटची (एकाच वेळी रंगवलेली), एकदमच आणून ठेवा.

मागचे धागे आवळणं

घाईत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि ती सुई चालू असताना दिसत नाही. समोरून नक्षी छान, पण डोक्यातून घालताना स्वेटर ताणतच नाही. उपाय साधा आहे. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरवा आणि मगच दुसरा धागा घ्या. पाचहून जास्त टाके एकच रंग चालला असेल तर मागचा धागा मध्ये एकदा अडकवून घ्या, नाहीतर बाही घालताना बोटं त्यात गुंततात. अडकवण्याची जागा मात्र प्रत्येक फेरीत सरकवा. एकाखाली एक आली तर पुढून रेघ दिसते. विणलेला भाग आधीच आवळला असेल तर धुताना तो थोडा सैलावतो, फार नाही. हाताने ओढूनही तो ताणला जात नसेल तर तेवढं उसवा आणि विसरा.

दोन्ही धाग्यांची जागा ठरवून घ्या: नक्षीचा धागा खालून, पार्श्वभूमीचा वरून. खालून येणारा रंग किंचित पुढे उठून दिसतो. रात्री काम ठेवून सकाळी उचलताना धागे उलटे धरले गेले तर त्या फेरीपासून नक्षी फिकी वाटायला लागते, आणि कारण सापडत नाही. म्हणून सुईजवळ चिठ्ठी लावा: "लाल खाली".

एका चुकीच्या टाक्यासाठी दहा फेऱ्या उसवणं

चार-दोन टाके चुकीच्या रंगाचे पडले असतील तर उसवू नका. शेवटी शिवायच्या सुईत योग्य रंगाचा धागा ओवून त्या टाक्यावरून तसाच टाका भरायचा. तो मूळच्या टाक्यावर बसतो आणि कुणाला कळत नाही. अख्खी नक्षी एका टाक्याने सरकली असेल तर मात्र इलाज नाही. ती वेळच येऊ नये म्हणून नक्षीच्या प्रत्येक आवर्तनाला मार्कर (खुणेची कडी) लावा आणि दर फेरीत मागच्या फेरीशी ताडून पाहा. गोल विणताना चार्ट (चौकटींत मांडलेली नक्षी) दर फेरीला उजवीकडून डावीकडेच वाचायचा असतो. सपाट विणायची सवय असलेल्या हाताचा इथेच घोळ होतो. वरच्या गोलात टाके कमी करायच्या प्रत्येक फेरीआधी एक वेगळ्या रंगाचा सुती दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. उसवायची पाळी आलीच तर तिथपर्यंतच.

कात्री

पुढून उघडा स्वेटर करायचा असेल तर शेटलंडच्या पद्धतीत मधे पाच-सात जादा टाके ठेवून गोल विणतात आणि शेवटी तिथूनच कापतात. शेटलंडची लोकर केसाळ असते, टाके एकमेकांना धरून राहतात. आपल्याकडच्या दुकानात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुधा अॅक्रेलिक. ते गुळगुळीत असतं आणि कापल्याबरोबर सुटतं. सुपरवॉश (मशिनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेल्या) लोकरीचंही तसंच. कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आधी शिलाई मशिनने दोन-दोन बारीक टिपा मारा. आणि हे काम समारोपाच्या रात्री करू नका.

वाळायचा वेळ न धरणं

जाड लोकरीचा स्वेटर धुऊन, आकार देऊन सपाट वाळवायला दोन दिवस सहज लागतात. महाराष्ट्रात फेब्रुवारी कोरडा असतो, आपलं निभतं. टोरांटो किंवा लंडनला बसून विणणाऱ्या मराठी मैत्रिणींनी तीन धरावेत. म्हणजे विणकामाला उरतात तेरा-चौदा दिवस, आणि वरचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. धाग्यांची टोकं ओवणंही शेवटावर ठेवू नका. रोज झोपण्याआधी त्या दिवसाची ओवून टाका.

बारावा दिवस आला आणि दोन्ही बाह्या सुईवर यायच्याच आहेत, तर मुंढ्याचा भाग असलेल्या डिझाइनमध्ये बाह्या सोडून द्या. मुंढ्याला रिब (उभ्या रेघांची ताणणारी पट्टी) घाला, बिनबाह्यांचा फेअर आइल स्वेटर तयार. तो प्रकार मुळातच प्रतिष्ठेचा आहे.

लाल-पांढऱ्या जोडीत रंग उतरायची भीती असते. नमुना धुताना तो पांढऱ्या रुमालावर दाबून पाहिला असेल तर आधीच कळतं. स्वेटरच धुताना पाणी लाल झालं तर घाबरून तो तसाच घडी करून ठेवू नका, डाग तिथेच बसतात. पाणी नितळ होईपर्यंत थंड पाणी बदलत राहा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि लगेच पंख्याखाली सपाट पसरा. नव्या कपड्याला करतात तसा मिठाच्या पाण्याचा उपाय लोकरीच्या रंगाला लागू पडत नाही.