बाळाचे दूध ओकणे आणि दुधाचे प्रथिन न सोसणे: आईने पथ्य कसे करावे

तान्हे बाळ पाजल्यावर दूध ओकते, यात बहुतेक वेळा आजार नसतो. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सुरुवातीच्या महिन्यांत पुरेशी घट्ट मिटत नाही, आहार पूर्णपणे पातळ असतो आणि बाळ बराच वेळ आडवे असते. त्यामुळे 100 पैकी किमान 40 बाळे दूध ओकतात. हे बहुधा पहिल्या दोन महिन्यांत सुरू होते, चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक होते आणि 10 पैकी 9 बाळांत पहिल्या वाढदिवसापर्यंत थांबते. वजन नीट वाढत असेल आणि ओकल्यानंतर बाळ पूर्ववत हसत-खेळत असेल, तर झबले बदलण्यापलीकडे काहीही करू नये.

पुढचे सर्व त्या थोड्या बाळांसाठी आहे, जी ओकण्याबरोबरच पिताना पाठ ताणून रडतात, अंगावर प्यायला नकार देतात, ज्यांच्या शीमध्ये चिकट आव किंवा रक्ताचे धागे दिसतात किंवा ज्यांचा इसब कशानेच बरा होत नाही. अशा बाळाला गाई-म्हशीच्या दुधातील प्रथिन सोसत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी आईने स्वतःच्या आहारातील सर्व दूध आणि दुधाचे पदार्थ काही काळ बंद करायचे असतात. माझ्या मुलीसाठी मी हे पथ्य पाळले आणि त्यानंतर अंगावर पाजणाऱ्या अनेक मातांची त्यात सोबत केली आहे. पथ्य अर्धवट पाळणे आणि ते कधीच न तपासणे, या दोन गोष्टींनी आईचे जितके हाल होतात तितके त्या आजारानेही होत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

आधी डॉक्टर

हिरवी किंवा रक्ताची उलटी, पिचकारीसारखी जोराने आणि वारंवार होणारी उलटी, ताप, सुस्ती, फुगलेली टाळू, कमी झालेली लघवी, न वाढणारे वजन किंवा सहा महिन्यांनंतर प्रथमच सुरू झालेले ओकणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती प्रयोग न करता बाळाला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. दुधानंतर काही मिनिटांत किंवा दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा श्वासाला त्रास होणे ही तातडीची ॲलर्जी असते आणि तिला हा लेख लागू नाही.

पाजण्याच्या सवयी

थोडे थोडे आणि वारंवार पाजावे, मध्ये ढेकर काढावी, पाजल्यानंतर वीस-तीस मिनिटे उभे धरावे, लंगोट पोटावर घट्ट बांधू नये आणि पाजल्यावर लगेच मालिश-आंघोळ करू नये. धुरी आणि तंबाखूचा धूर बाळापासून दूर ठेवावा. झोपवताना मात्र सपाट, टणक गादीवर पाठीवरच झोपवावे. ओकणाऱ्या बाळाला उशीवर, तिरप्या पाळण्यात किंवा पोटावर झोपवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो आणि तो धोकादायक आहे. निरोगी बाळ पाठीवर झोपल्यामुळे ओकताना गुदमरते, ही समजूत चुकीची आहे. ग्राइप वॉटर आणि बाळगुटी यांचा येथे उपयोग नाही, आणि मध तर वर्षाच्या आत कधीही चाटवू नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

आईचे पथ्य

येथेच सगळे अडते. पहिला गोंधळ नावाचा. प्रथिन न सोसणे आणि दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तान्ह्या बाळात जन्मजात लॅक्टोज न पचणे अत्यंत दुर्मीळ असते. आईच्या दुधात तर लॅक्टोज नेहमीच असते, ती काय खाते यावर ते अवलंबून नसते. आईने खाल्लेल्या दुधातील प्रथिनाचा अंश मात्र तिच्या दुधात उतरतो आणि त्रास त्याचा असतो. म्हणून लॅक्टोजविरहित दूध पिऊन काहीही साधत नाही. शेळीचे दूधही उपयोगाचे नाही, कारण त्यातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक बाळांना तीही सोसत नाहीत.

पथ्य दोन ते चार आठवड्यांचे असते आणि तेवढ्या काळात ते पूर्ण असावे लागते. चहात चमचाभर दूध घालणारी आई पथ्यावर नसते. बाळंतिणीच्या आहारात दूध कुठे कुठे दडलेले असते, याची यादी मी प्रत्येकीला स्वयंपाकघरात उभे राहून करायला लावते: वरणभातावरचे तूप, तुपात भाजलेले डिंकाचे आणि मेथीचे लाडू, दुधातली खसखशीची खीर, दुधातून घ्यायचा शतावरी कल्प, ताक, कढी, दह्यात कालवलेली कोशिंबीर, तुपातली साबुदाण्याची खिचडी, खव्याची मिठाई, आणि विकतची बिस्किटे व पाव. पाकिटावरील घटक वाचावेत. केसीन, व्हे, दुधाची भुकटी, मिल्क सॉलिड्स हे सर्व दूधच आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, त्यात दूध नसल्याचे नव्हे.

सर्वाधिक वाद तुपावरून होतो. तुपात प्रथिन उरत नाही असे छातीठोकपणे सांगितले जाते, पण त्याचा अंश राहतो आणि घरोघरच्या कढवण्यात तो कमी-जास्त होतो. म्हणून या काही आठवड्यांत तूपही बंद ठेवावे. निदान पक्के झाल्यावर तूप सोसते का, हे स्वतंत्रपणे पाहता येते. बाळंतिणीने दूध-तूप घेतले नाही तर अंगावरचे दूध आटेल, अशी घरातील मोठ्या बायकांची भीती मनापासूनची असते, तिची हेटाळणी करू नये. मात्र दूध येणे हे बाळ किती वेळा आणि किती नीट चोखते यावर अवलंबून असते, हे त्यांना शांतपणे सांगावे. अळिवाचे लाडू नारळाच्या पाण्यात भिजवलेले अळीव, ओले खोबरे आणि गूळ यांचे करावेत, डिंक तेलात तळावा आणि ताकाऐवजी सोलकढी घ्यावी. जेवणात दुधाशिवायही खूप काही उरते.

एक धोका मला फार गंभीर वाटतो आणि त्याविषयी पुरेसे बोलले जात नाही. शाकाहारी घरात बी-12 जीवनसत्त्व जवळजवळ केवळ दुधातूनच मिळते. अंडी-मासे न खाणाऱ्या आईने दूध सोडले आणि गोळी घेतली नाही, तर तिच्याबरोबर बाळातही बी-12 ची कमतरता निर्माण होऊ शकते, आणि ती बाळाच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरते. म्हणून पथ्य सुरू करण्याच्या दिवसापासूनच बी-12, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून घ्यावे. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तीळ, राजगिरा आणि शेवग्याचा पालाही चांगला, पण केवळ त्यांवर विसंबू नये.

एकाच वेळी दूध, गहू, डाळी, अंडी, शेंगदाणे असे सर्व बंद करण्यास माझा कडक विरोध आहे. मऊ भात आणि दुधी भोपळा यांवर महिनोन्‌महिने काढलेल्या माता मी पाहिल्या आहेत. त्या खंगतात आणि कशामुळे फरक पडला हे कधीच कळत नाही. सुरुवात दुधापासूनच करावी. पूर्ण पथ्य पाळूनही फरक पडला नाही, तर सोयाबीनचा विचार डॉक्टरांबरोबर करावा, कारण काही बाळांना दुधाबरोबर तेही सोसत नाही.

रोज एका वहीत बाळाचे रडणे, ओकणे, शी आणि झोप दोन ओळींत लिहावे, कारण रात्री जागलेल्या आईची स्मृती भरवशाची नसते. ओकणे आणि अस्वस्थता बहुधा लवकर कमी होते, तर इसबाला चार आठवडेही लागू शकतात.

आता खरी कसोटी, जी जवळजवळ सर्वजणी टाळतात. बाळ शांत झाले तरी चार आठवड्यांच्या आत आईने पुन्हा दूध घेऊन पाहिले पाहिजे. बाळे वयाबरोबर आपोआपही सुधारतात, आणि रक्त तपासून या उशिरा होणाऱ्या त्रासाचे निदान होत नाही. त्यामुळे पुन्हा दूध घेतल्यावर त्रास परतणे हाच निदानाचा पुरावा असतो. बाळाला सर्दी, जुलाब नसताना आणि लस नुकतीच दिलेली नसताना आठवडाभर नेहमीइतके दूध-दही घ्यावे. त्रास परतल्यास लगेच थांबावे, तो काही दिवसांत शमतो आणि निदान पक्के होते. परतला नाही, तर पथ्य त्याच दिवशी संपले. शांत झोपणाऱ्या बाळाला मुद्दाम त्रासात टाकणे आईला नकोसे वाटते, हे मी जाणते. परंतु हे एक पाऊल चुकवल्यामुळे कित्येक बाळांवर ॲलर्जीचा शिक्का विनाकारण बसतो. मूळ त्रास तीव्र असेल, तर ही कसोटी घरी न करता डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी.

वरचे दूध आणि औषधे

बाळ वरच्या दुधावर असेल, तर प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेली विशेष भुकटी डॉक्टर लिहून देतात. केवळ दूध ओकते म्हणून आम्लविरोधी औषध देऊ नये.

पुढचे महिने

निदान पक्के झाल्यास बाळ नऊ ते बारा महिन्यांचे होईपर्यंत, किंवा किमान सहा महिने, दूध टाळतात. उष्टावणाला दुधातली खीर करण्याऐवजी भाताची पेज द्यावी. त्यानंतर डॉक्टरांच्या संमतीने पायरीपायरीने दूध आणावे. आधी खूप भाजलेल्या बिस्किटातील दूध, मग घरच्या केकमधील, मग दही आणि शेवटी साधे दूध द्यावे. एक पायरी सोसल्याशिवाय पुढची चढू नये, त्रास झाल्यास मागच्या पायरीवर यावे आणि काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. ज्या बाळाला दुधानंतर गांधी उठल्या होत्या, किंवा दूध घेतल्यावर एक ते चार तासांनी लागोपाठ उलट्या होऊन जे पांढरेफटक व गळून गेले होते, त्याची ही चढण रुग्णालयातच व्हावी.