सर्वोत्कृष्ट अभिनेता : राष्ट्रीय पुरस्काराच्या इतिहासाची नोंदवही कशी तयार करावी

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतील सर्वोत्कृष्ट अभिनेत्यांची यादी सहज मिळते, पण ती यादी म्हणजे या पुरस्काराचा इतिहास नव्हे. कोणत्या वर्षी कोणते नियम होते, पुरस्कार कोणत्या भूमिकेला मिळाला, चित्रपट कोणत्या भाषेतला होता आणि त्या भाषेला तिथवर पोहोचायला किती काळ लागला, हे नावांशेजारी लिहिले की मगच त्या यादीतून काही समजू लागते. चित्रपट मंडळात, महाविद्यालयात किंवा घरी एकट्याने अशी नोंदवही करू इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे.

आरंभाचे वर्ष आधी पक्के करावे, कारण सर्वाधिक चुका तिथेच होतात. हे पुरस्कार 1954 साली, 1953 च्या चित्रपटांसाठी, प्रथम दिले गेले आणि पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. मराठी वाचकाला ही गोष्ट पाठ असते. मात्र त्या काळी पुरस्कार चित्रपटांना दिले जात, नटांना नव्हे. अभिनेत्यासाठी स्वतंत्र पुरस्कार 1967 च्या चित्रपटांपासून, म्हणजे पंधराव्या वर्षी सुरू झाला आणि पहिला मान बंगालीतील उत्तमकुमार यांना ‘अँटनी फिरिंगी’ व ‘चिडियाखाना’ या दोन चित्रपटांसाठी मिळाला. आरंभी त्याला भरत पुरस्कार म्हणत, तर अभिनेत्रीच्या पुरस्काराला उर्वशी पुरस्कार. त्यामुळे जुन्या लेखांत ‘भरत पुरस्कार विजेते’ असा उल्लेख आला तर तो हाच पुरस्कार समजावा. नोंदवहीचे पहिले पान 1967 पासून सुरू करावे आणि त्याआधीची चौदा वर्षे प्रस्तावनेत एका परिच्छेदात सांगावीत.

दुसरे काम वर्षांचा गोंधळ सोडवण्याचे. प्रत्येक पुरस्काराला तीन वर्षे चिकटलेली असतात : ज्या वर्षी चित्रपटाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळाले ते, ज्या वर्षी निकाल जाहीर झाला ते आणि ज्या वर्षी पुरस्कार प्रदान झाला ते. उपेंद्र लिमये यांना ‘जोगवा’साठी मिळालेला पुरस्कार 2008 या वर्षाचा, पण तो हाती पडला मार्च 2010 मध्ये, म्हणून दोन लेखांत दोन साले दिसली तर दोघांपैकी एकजण चुकलाच असे मानू नये. क्रमांकावरून वर्ष काढायची एक सोपी रीत आहे : पुरस्काराच्या क्रमांकात 1952 मिळवावेत. छप्पन्नावा पुरस्कार 2008 चा, साठावा 2012 चा, एकाहत्तरावा 2023 चा. नोंदवहीत क्रमांक आणि चित्रपटवर्ष हे दोन रकाने मुख्य ठेवावेत व प्रदानाचे वर्ष शेजारी लहान अक्षरांत लिहावे.

आता रकाने. नट, चित्रपट आणि दिग्दर्शक हे तिन्ही कोणीही लिहील. पण चित्रपटाची भाषा आणि नटाची स्वतःची भाषा यांना वेगवेगळे रकाने द्यावेत, असा माझा आग्रह आहे. चारुहासन हे तमिळ नट, परंतु 1986 चा पुरस्कार त्यांना कन्नड ‘तबरन कथे’साठी मिळाला. मिथुन चक्रवर्ती बंगाली, पण 1976 मधील त्यांचा ‘मृगया’ हिंदी आणि 1992 मधील ‘ताहादेर कथा’ बंगाली. मामूट्टी यांना 1998 मध्ये जब्बार पटेल दिग्दर्शित ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या इंग्रजी चित्रपटासाठी पुरस्कार मिळाला. विषय महाराष्ट्राचा, दिग्दर्शक मराठी, नट मल्याळी आणि भाषा इंग्रजी, अशी ती एकच ओळ या देशातल्या चित्रपटसृष्टीबद्दल बरेच काही सांगून जाते. हे दोन रकाने एकत्र केले तर अशा ओळी नजरेतून निसटतात.

पुरस्कार विभागून दिला असेल तर तशी खूण करावी. 1967 ते 1996 या तीस वर्षांत तो एकदाही विभागला गेला नाही. 1997 मध्ये बालचंद्र मेनन व सुरेश गोपी या दोन मल्याळी नटांना तो मिळून मिळाला आणि तेव्हापासून 2023 पर्यंत नऊ वेळा दोघांना देण्यात आला. 2012 मध्ये ‘पानसिंग तोमर’साठी इरफान खान आणि ‘अनुमती’साठी विक्रम गोखले एकाच ओळीत आले. विभागून मिळालेला पुरस्कार अर्धा असतो, असे काही जण मानतात. मला ते पटत नाही. तीस वर्षे एकच नाव निवडणारी परीक्षक मंडळे पुढे दोन नावांवर का थांबू लागली, हा प्रश्न मात्र नोंदवहीत अवश्य लिहून ठेवावा.

भाषेचा रकाना भरून झाला की मोजणीला बसावे, कारण या कामातला खरा आनंद तिथे आहे. मल्याळम चित्रपटांतील भूमिकांना 2023 पर्यंत तेरा पुरस्कार मिळालेले दिसतील. 1973 मध्ये ‘निर्माल्यम’साठी पी. जे. अँटनी यांच्यापासून ही मालिका सुरू होते आणि प्रेमजी, मामूट्टी, मोहनलाल यांच्यामुळे 1988 नंतरच्या बारा वर्षांत ती कळसाला पोहोचते. तमिळमधील पहिला मान 1971 मध्ये ‘रिक्षाक्कारन’साठी एम. जी. रामचंद्रन यांना मिळाला. याउलट वर्षाला शेकडो चित्रपट काढणाऱ्या तेलुगूला 2021 पर्यंत थांबावे लागले; ‘पुष्पा’साठी अल्लू अर्जुन हे तेलुगू चित्रपटासाठी हा पुरस्कार मिळवणारे पहिले नट. मराठीची कथा त्याहून वेगळी आहे. 1967 पासून 2007 पर्यंत एकाही मराठी चित्रपटातील भूमिकेला हा पुरस्कार मिळाला नाही, आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत तो तीनदा मिळाला : 2008 मध्ये राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’साठी उपेंद्र लिमये, 2011 मध्ये उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’साठी गिरीश कुलकर्णी आणि 2012 मध्ये गजेंद्र अहिरे यांच्या ‘अनुमती’साठी विक्रम गोखले. त्यानंतर 2023 पर्यंत पुन्हा एकही नाही. डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांची नावे या यादीत नाहीत. जी नावे असायला हवी होती असे आपल्याला वाटते, त्यांसाठी वहीच्या शेवटी एक पान राखावे. ते मत आहे हे तिथे स्पष्ट लिहावे, पण लिहावे जरूर.

चरित्रलेखांतील ‘राष्ट्रीय पुरस्कार विजेते’ हे शब्द वाचताना सावध राहावे. नाना पाटेकर यांच्या नावावर अभिनयाचे तीन राष्ट्रीय पुरस्कार आहेत. त्यांपैकी ‘परिंदा’ आणि ‘अग्निसाक्षी’ यांचे सहायक अभिनेत्याचे असून मुख्य अभिनेत्याचा एकच, 1994 च्या ‘क्रांतिवीर’चा आहे. सहायक अभिनेत्याचा पुरस्कार 1984 च्या चित्रपटांपासून वेगळा झाला, हे ध्यानात ठेवावे. परीक्षकांचा विशेष पुरस्कार आणि विशेष उल्लेख हेही निराळे. सत्तराव्या पुरस्कारांपासून या गटाच्या नावात ‘मुख्य भूमिका’ हे शब्द आले आणि ‘रजत कमळ’ या पदकासोबतची रक्कम 50 हजारांवरून 2 लाख रुपये झाली. जुन्या-नव्या रकमांची तुलना करताना हा बदल नमूद करावा. सर्वाधिक वेळा मिळालेल्यांत अमिताभ बच्चन पहिले : 1990, 2005, 2009 आणि 2015. त्यांच्यामागे कमल हासन, मामूट्टी आणि अजय देवगण प्रत्येकी तीन वेळा.

पडताळणीसाठी त्या-त्या वर्षीची अधिकृत पुरस्कार-पुस्तिका मिळवणे सर्वांत चांगले. तीत विजेत्याच्या नावाखाली परीक्षकांचे प्रशस्तिवाक्य छापलेले असते आणि भूमिकेतील नेमका कोणता गुण त्यांना भावला, हे तेवढ्या दोन-तीन ओळींतून कळते. ही वाक्ये वहीत जशीच्या तशी उतरवावीत. पुण्यात राहणाऱ्यांना 1964 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे ग्रंथालय जवळ आहे. जुनी नियतकालिके चाळायला त्याच्याइतकी चांगली जागा आपल्याकडे नाही. परीक्षणाच्या पद्धतीसाठीही एक टीप ठेवावी : श्याम बेनेगल समितीच्या शिफारशींनंतर, 2010 च्या सुमारास, निवड दोन टप्प्यांत होऊ लागली. आधी पाच प्रादेशिक मंडळे चित्रपट पाहतात आणि त्यांनी पुढे पाठवलेल्यांतून केंद्रीय मंडळ निर्णय घेते.

शेवटचा रकाना ‘पाहिला’ असा ठेवावा आणि त्यात तारीख लिहावी. सुरुवात 1969 च्या ‘भुवन शोम’मधल्या उत्पल दत्त यांच्यापासून करावी, त्यानंतर 1972 च्या ‘कोशिश’मधले संजीवकुमार पाहावेत, मग 1979 च्या ‘स्पर्श’मधले नसीरुद्दीन शाह आणि त्याच आठवड्यात ‘जोगवा’. मल्याळम, कन्नड आणि बंगाली चित्रपट उपशीर्षकांसह पाहावेत, आणि एकदा पाहून झाल्यावर त्यातला एखादा प्रसंग उपशीर्षके झाकून, नुसता आवाज आणि चेहरा यांकडे लक्ष देत पुन्हा पाहावा.