रावेरीची सीता भिंतीवर फिरवायची तर: नलिनी मलानी यांच्या पद्धतीचं सावलीचित्र

चित्रकार नलिनी मलानी यांचं काम फोटोत बघून नीट कळत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकचे रंगवलेले सिलिंडर संथ फिरत असतात आणि त्यांतून आरपार गेलेला उजेड भिंतीवर सावल्या पळवतो. २०१२ साली जर्मनीतल्या कासेलच्या 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनात त्यांनी असे पाच सिलिंडर लावले होते. तेच तत्त्व एका सिलिंडरवर, समाजमंदिरात किंवा शाळेच्या गॅदरिंगला सहज जमतं. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, तर मंडईच्या (गावजत्रेच्या) दिवसांत रात्रभर नाटक बघणारी माणसं आहेत. अंधारात बसायचं त्यांना सांगावं लागत नाही.

आधी विषय ठरवा. मलानी यांचा जन्म १९४६ चा, कराचीतला. फाळणीत घर सुटलं, कुटुंब कोलकात्याला आणि मग मुंबईला आलं. १९६४ ते ६९ त्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या. घरातून, गावातून, गोष्टीतून हाकललेली बाई त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येते: सीता, ग्रीक कथेतली मेडिया, खरं सांगूनही जिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही ती कॅसँड्रा. त्यांच्या आकृत्या गिरवण्यात अर्थ नाही. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरीला सीतेचं देऊळ आहे, रामाशिवायचं. टाकलेल्या सीतेनं लव-कुशांसाठी गावात पसाभर गहू मागितले, कुणी दिले नाहीत, म्हणून तिनं इथं गहू पिकणार नाही असा शाप दिला, अशी कथा सांगतात. यापेक्षा चांगला विषय शोधून सापडायचा नाही.

१७५ मायक्रॉनची पारदर्शक पॉलिस्टर शीट घ्या, १४४ सेंमी लांब आणि ६० सेंमी रुंद. ३ सेंमी जोडाला गेले की १४१ उरतात आणि सिलिंडरचा व्यास ४५ सेंमी येतो. बाजारात मिळणारं मऊ टेबलकव्हर स्वस्त पडतं, पण ते उन्हाळ्यात लोंबतं आणि गुंडाळून ठेवलं की स्वतःलाच चिकटतं. वर-खाली बांबूच्या कमचीची कडी लागतात. ती बुरडाकडून करून घ्या, तारेची कडी लवकर वाकडी होतात. दोन्ही कड्यांत कमचीची चौफुली बसवा.

शीट स्पिरिटनं पुसून घ्या. बोटाचा तेलकट डाग राहिला की नेमका तिथलाच रंग पापुद्र्यासारखा सुटतो. आता रंगवायचं ते उलट क्रमानं. ही उलट रंगवण्याची पद्धत मलानी चित्रकार भूपेन खख्खर यांच्याकडून शिकल्या. आपण शीटच्या मागून रंगवतो आणि बघणारा पुढून बघतो, म्हणून जे आधी लावलं तेच सगळ्यात वर दिसतं. बुबुळ आधी, मग डोळ्याचा पांढरा भाग, मग चेहरा. लुगड्याचे काठ आधी, अंग नंतर, आभाळ सगळ्यात शेवटी. चेहरा भरल्यावर डोळा आठवला तर तो आता चेहऱ्याच्या मागे जाणार. ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा सुरुवात करण्यावाचून इलाज नाही. बाह्यरेषेला पर्मनंट मार्कर चालतो, मात्र त्यावर स्पिरिटमिश्रित काचरंग लावला की रेघ विरघळते. मार्करवर पाण्याचा ॲक्रिलिकच बरा. थर पातळ ठेवा. जाड थर शीट वळवताना तडकतो. रंगवलेली बाजू सिलिंडरच्या आत जाते. वळवण्याआधी एक दिवस वाळू द्या, पावसाळ्यात दोन.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते रंगाच्या निवडीत. दाट ॲक्रिलिक उजेड अडवतं. सीतेचा पांढराशुभ्र चेहरा हातात सुंदर दिसतो आणि भिंतीवर काळं भोक पडतं. भिंतीवर रंग हवा तिथं पारदर्शक काचरंग किंवा खूप पातळ केलेली शाई वापरा. दाट रंग गव्हाची ओंबी, दाराची चौकट, पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) काटकी यांच्या काळ्या सावलीसाठी राखा. दर दहा मिनिटांनी शीट उजेडासमोर धरून बघा.

उजेड एका बिंदूतून यायला हवा. दुधी घुमटाचा एलईडी बल्ब सगळं पुसट करतो. मोबाइलचा फ्लॅश किंवा पुढची काच आणि आतली वाटी काढलेली एका एलईडीची बॅटरी घ्या. ती सिलिंडरच्या मध्यापासून दीड मीटरवर ठेवा; सिलिंडरच्या पलीकडे तीन मीटरवर चुन्याची पांढरी भिंत. बॅटरी आणि सिलिंडरचा मध्य जमिनीपासून सहा फुटांवर ठेवा, म्हणजे खाली बसलेल्यांची डोकी मध्ये येत नाहीत.

मायक्रोवेव्हमधली ताटली फिरवणारी मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे देते. अडीच फेऱ्यांची मिळाली तर तीच घ्या. २२० व्होल्टची आहे ना, हे लेबलवर वाचा आणि जोडणी वायरमनकडून करून घ्या. मोटर खाली ठेवून सिलिंडर तिच्यावर उभा करा. टांगला तर तिची दांडी निसटू शकते. तोल जाऊ नये म्हणून वरच्या चौफुलीला छतापासून ढिली दोरी ओवा. ही मोटर सुरू होताना कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे. तो बिघाड नाही. भारनियमनाची भीती असेल तर मोटर नकोच: सिलिंडर नायलॉनच्या दोरीला टांगा, तीस पीळ द्या आणि सोडा. तो उलगडतो, पुन्हा उलटा पीळ घेतो, परत येतो.

आता चित्रांची जागा. उजेड सिलिंडरच्या दोन्ही भिंतींतून जातो, त्यामुळे अलीकडची सावली एका दिशेनं सरकते आणि पलीकडची तिच्या विरुद्ध. २० सेंमीची आकृती बॅटरीच्या बाजूला असताना भिंतीवर सुमारे ७० सेंमी दिसते, पलीकडे गेली की ५२. पलीकडची सावली आरशातल्यासारखी उलटीही पडते, म्हणून अक्षरं लिहू नका. शीटच्या कडेपासून ३५ सेंमीवर कडेवर लेकरं घेतलेली सीता काढा आणि साडेएकशेपाच सेंमीवर गावाची बंद दारं. दोघं बरोबर समोरासमोर येतात. एकदा मोठी सीता लहान दारांतून आरपार निघून जाते; अर्ध्या फेऱ्यानंतर मोठ्या दारांवरून लहानशी सीता सरकते.