मॉक ड्रिल: विद्यार्थी स्वयंसेवक कडेला उभे राहू नयेत म्हणून

अपघात किंवा आपत्तीत जखमींना वाचवण्याचा सराव सुरू झाला की दहा जण पळापळ करतात आणि बाकीचे कडेला उभे राहून मोबाइल बघतात. यात मुलांचा दोष नाही. काय घडणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं, आणि आपण काहीही केलं तरी शेवट तोच होणार, हेही. म्हणून सराव आखताना एकच बघा: मुलांचा निर्णय चुकला किंवा उशिरा झाला, तर पुढचं काही बदलतं का?

ते बदलायला महागडी साधनं लागत नाहीत, जखमीच्या गळ्यात अडकवलेली एक दुहेरी चिठ्ठी पुरते. पुढच्या बाजूला लिहा: ‘उजव्या मांडीतून रक्त वाहतंय. चालता येत नाही. श्वास मिनिटाला २४. मनगटाची नाडी लागते. सांगितलेलं कळतं.’ मागच्या बाजूला: ‘३ मिनिटांत कुणी जखम दाबली नाही तर बोलणं बंद. श्वास ३४. नाडी लागत नाही.’ घड्याळ जखमीच्याच हातात द्या. वेळ संपली की तो चिठ्ठी उलटतो आणि मुलांच्या डोळ्यांदेखत पिवळा (थोडं थांबू शकणारा) रुग्ण लाल (सगळ्यात तातडीचा) होतो. जखमी होणाऱ्यालाही नुसतं पडून राहण्यापलीकडे काम मिळतं. सरावातलं सगळ्यात कंटाळवाणं काम खरं तर त्याचंच असतं.

कुणाकडे आधी जायचं ते सांगणारा हा रंग ठरवायला ‘स्टार्ट’ ही १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात तयार झालेली पद्धत सोपी पडते. जो चालू शकतो तो हिरवा, म्हणजे किरकोळ. श्वास नसेल तर श्वासमार्ग मोकळा करा. तरीही आला नाही तर काळा (मृत धरायचा), आला तर लाल. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त, मनगटाची नाडी लागत नाही किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यातलं एक जरी असलं तरी लाल. उरलेले पिवळे. एका माणसामागे अर्धा-एक मिनिट, त्याहून जास्त नाही.

२४ मुलं असतील तर १० जखमी, १० बचाव पथकात, २ निरीक्षक, १ सुरक्षेला आणि १ नातेवाईक. या नातेवाइकाला वगळू नका. ‘माझा भाऊ कुठंय?’ म्हणत तो पथकप्रमुखाचा हात धरतो, स्ट्रेचरच्या आड येतो आणि दोन मिनिटांत सगळ्यांची आखणी विस्कटते. जखमींत ३ हिरवे, ३ पिवळे, ३ लाल, १ काळा ठेवा. एका लाल जखमीला आडोशाला अगदी गप्प पडून राहायला सांगा, आणि एका हिरव्याला जोरजोरात ओरडायला. पहिल्या फेरीत जवळपास सगळे ओरडणाऱ्याकडे धावतात. १५ मिनिटं सराव, १५ मिनिटं चर्चा, मग भूमिका बदलून नव्या चिठ्ठ्यांसह दुसरी फेरी.

नेहमीची चूक म्हणजे प्रमुख स्वतःच बँडेज बांधायला बसतो आणि पथक पोरकं होतं. त्याच्या एका हातात नोंदीचं पॅड आणि दुसऱ्यात वॉकीटॉकी द्या. हात मोकळे नसले की तो उभा राहतो. वॉकीटॉकीवर प्रत्येक निरोप ‘सराव’ या शब्दाने सुरू व्हावा आणि ऐकणाऱ्याने तो उलट म्हणून दाखवावा.

रक्तासाठी साखरेचा घट्ट पाक, लाल खाद्यरंग आणि चिमूटभर कोको पावडर. कोकोशिवाय ते सरबतासारखं दिसतं. कपड्यांना डाग पडतात, मुंग्याही येतात, तेव्हा जुने कपडे घालायला सांगा आणि जमीन लगेच पुसा.

इथे ‘वाचवा’ ही हाक सरावाचाच भाग असते, म्हणून खऱ्या दुखापतीसाठी वेगळी खूण ठरवा: तीन शिट्ट्या आणि ‘सराव बंद’. ही खूण कुणीही देऊ शकतं, ती आली की सगळे जागच्या जागी थांबतात. सीपीआर (हृदय थांबलेल्याची छाती दाबणं) फक्त पुतळ्यावर, जिवंत माणसावर कधीच नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा. जोड्यांमध्ये स्पर्धा लावली तर हात कधी ढिले पडतात ते त्यांनाच कळतं. टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायावर दांडीने पिळून आवळायचा पट्टा) नुसता गुंडाळून दाखवा, दांडी पिळू नका. जिन्यावरून स्ट्रेचर न्यायचं असेल तर त्यावर माणसाऐवजी वाळूची पोती.

चर्चेत आधी जखमींना बोलू द्या. ‘तुझ्याशी पहिल्यांदा कोण बोललं, काय म्हणालं?’ या एका प्रश्नातून अर्धी चर्चा आपोआप निघते. निरीक्षकांनी शेरे न लिहिता फक्त वेळा लिहाव्यात: पहिली चिठ्ठी कधी वाचली, पहिली जखम कधी दाबली, आडोशातला जखमी कधी सापडला. दोन फेऱ्यांच्या वेळा फळ्यावर शेजारीशेजारी मांडल्या की कुणाला रागवावं लागत नाही.

तिसऱ्या सरावापासून चिठ्ठ्या मुलांनाच लिहायला द्या. ती तुमच्यापेक्षा अवघड रुग्ण तयार करतात. फक्त वाटण्याआधी प्रत्येक चिठ्ठी तपासा. श्वास ३६ आणि रंग पिवळा, असं हमखास कुणीतरी लिहितंच.