रब्बी ज्वारीला ताण बसण्याआधी: नैसर्गिक घटकांच्या वापराची तयारी

सोलापूर जिल्ह्यातील रब्बी ज्वारी पावसावर उगवत असली तरी वाढते ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत पेरणी झाल्यावर पुढे पाऊस येईलच याची खात्री नसते, आणि पोटरीपासून, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असल्यापासून, दाणे भरेपर्यंतचा सगळा काळ पीक काळ्या मातीत साठलेल्या पाण्यावर काढते. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल, सॅलिसिलिक आम्ल, शेवग्याच्या पानांचा रस यांसारखे नैसर्गिक घटक आता ‘ताणरोधक’ म्हणून सर्रास विकले जातात. त्यांतल्या काहींचा उपयोग खराही आहे, पण पाने गुंडाळायला लागल्यावर बाटली आणणाऱ्याच्या पदरात त्यातले फारसे पडत नाही. म्हणून पुढील तयारी ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते आणि फवारणी तिच्यात बरीच उशिरा येते.

आधी एक हिशेब करावा. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार हजार लिटर. एकरी दोनशे लिटर द्रावण फवारले, तर ते ०.०५ मिलिमीटर पावसाइतके भरते. याउलट मीटरभर खोलीची चांगली काळी जमीन पिकाला उपलब्ध होईल असे साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकते. तेव्हा कोणताही अर्क पाण्याची भरपाई करीत नाही. तो पिकाला आहे ते पाणी जपून वापरायला, मुळे खोल न्यायला किंवा उन्हाने पेशींत होणारी मोडतोड आवरायला मदत करू शकतो, आणि तीही पेशी जिवंत व पान हिरवे असताना. जमीन सुकू लागली की मुळांकडून आणि पानांतूनही ॲब्सिसिक आम्लाचा संदेश निघतो, पर्णरंध्रे मिटू लागतात आणि पेशी प्रोलिन, ग्लायसिन बिटेन यांसारखी विद्राव्य द्रव्ये साठवून आतले पाणी धरतात. बाहेरून दिलेला घटक याच यंत्रणेला आधी जागे करतो, म्हणून तो ताण बसण्यापूर्वी पोचला पाहिजे.

त्यामुळे यादीतील पहिले काम शेतात पहार घेऊन जाण्याचे आहे. पेरणीपूर्वी प्रत्येक तुकड्यात तीन-चार ठिकाणी खोदून मुरूम किती खोलीवर लागतो आणि ओल कुठवर उतरली आहे हे पाहावे, आणि त्याप्रमाणे वाण निवडावे. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा आणि भारी जमिनीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा, असा विभाग महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत केलेला आहे. मोहोळ येथे निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी ३५-१ आजही भाकरीच्या आणि कडब्याच्या प्रतीसाठी अनेकांची पहिली पसंती आहे. सांगोल्याकडच्या मुरमाड तुकड्यावर भारी जमिनीचा वाण पेरून नंतर महागडा अर्क फवारणे हा खर्च वाया घालविण्याचा सरळ मार्ग होय. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात तेच पीक अर्काशिवायही तग धरते.

दुसरे काम पाणी अडविण्याचे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि त्यात सप्टेंबरचा वाटा सर्वांत मोठा असतो, म्हणून उत्तरा लागण्यापूर्वी उताराला आडवी वखरणी, सारे पाडणे किंवा बंदिस्त सऱ्या यांपैकी जे आपल्या अवजारांनी जमेल ते पूर्ण झालेले असावे. सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून सुरू आहे आणि मूलस्थानी जलसंधारण, म्हणजे पाणी पडेल तिथेच मुरविणे, हा त्याच्या शिकवणीचा आजही पाया आहे. हेक्टरी पाच टन कुजलेले शेणखत याच वेळी मातीत मिसळावे. शेणखत आणि ह्युमिक आम्लाची बाटली यांत एकच परवडणार असेल, तर निःशंकपणे शेणखत घ्यावे, कारण बाटलीतला घटक त्यात असतोच आणि त्याखेरीज मातीची जलधारणा वाढविणारा सेंद्रिय भागही असतो.

बियाण्याची तयारी पेरणीच्या आठवडाभर आधी करावी. घरचे बी असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. एकरी चार किलो बियाणे पुरते. जमिनीत पुरेशी ओल असताना बी रात्रभर, म्हणजे आठ ते दहा तास, साध्या पाण्यात भिजवून सावलीत पसरावे आणि हाताला सुटे लागेपर्यंत सुकवून पेरावे; अशा बियाण्याची उगवण लवकर आणि एकसारखी होते, आणि वरचा थर सुकण्याआधी मूळ खाली पोचते. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र दहा तासांहून अधिक भिजवू नये, अंकुर फुटलेले बी तिफणीतून पेरू नये, आणि कंपनीचे रंगीत, औषध लावलेले बियाणे मुळीच भिजवू नये. सुकविलेल्या बियाण्याला किलोमागे चार ग्रॅम गंधक काणी रोगासाठी चोळावे आणि पेरणीच्या अगदी आधी ॲझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंचे प्रत्येकी पंचवीस ग्रॅम लावावे. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकावी. फार लवकर पेरल्यास खोडमाशी गाठते आणि उशीर केल्यास ओल हातची जाते.

आता घटकांची निवड. समुद्री शेवाळाचे अर्क बाजारात दोन प्रकारचे दिसतात. उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यांवरील ॲस्कोफायलम या तपकिरी शेवाळापासून केलेले आयात अर्क, आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लागवड होणाऱ्या कप्पाफायकस या लाल शेवाळाचा रस, ज्याची प्रक्रिया भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेत विकसित झाली. दोन्हींची तीव्रता निराळी असते, त्यामुळे एकाची मात्रा दुसऱ्याला लावू नये. लेबलवर असेल तीच घ्यावी.

सॅलिसिलिक आम्ल वनस्पती स्वतःही तयार करतात. प्रयोगांत बहुधा लिटरला सत्तर ते एकशे चाळीस मिलिग्रॅम इतकीच मात्रा वापरली जाते, म्हणजे दोनशे लिटरला पंधरा ते तीस ग्रॅमपेक्षा कमीच भुकटी लागते. एका पंपासाठी ती एक-दोन ग्रॅम होते आणि किराणा दुकानाच्या काट्यावर एवढे वजन नीट होत नाही. सराफाच्या काट्यावर पंपागणिक पुड्या बांधून आणाव्यात. ही भुकटी थंड पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते आणि मग पंपातले शेवटचे द्रावण इतके तीव्र होते की पाने करपू शकतात, म्हणून ती आधी थोड्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवून मग पंपात ओतावी.

शेवगा आपल्या जिल्ह्यात बांधावर सहज मिळतो आणि त्याच्या कोवळ्या पानांत झिएटिन हे पेशींची वाढ व हिरवेपणा टिकविणारे संप्रेरक असते. कोवळा पाला तोडून लगेच, अगदी थोडे पाणी घालून, वाटावा किंवा खलबत्त्यात कुटावा. लगदा सुती कापडातून पिळावा आणि निघालेला गडद रस पुन्हा एकदा पातळ मलमलीतून गाळावा, कारण एक तंतू राहिला तरी नोझल तुंबते. हा रस तीसपट पाण्यात मिसळतात, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला साधारण अर्धा लिटर आणि दोनशे लिटरला साडेसहा लिटरच्या आसपास. रस काही तासांतच आंबू लागतो. तो सकाळी काढून त्याच सकाळी संपवावा. अर्ध्या किलो पाल्याचा किती रस निघतो हे आदल्या दिवशी पाहून ठेवले, तर पाला किती तोडायचा याचा अंदाज येतो आणि मजूर ताटकळत नाहीत.

ग्लायसिन बिटेनबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ज्वारीसाठी ते विकत घेऊ नये. प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या मात्रेने एकरी किलो-दोन किलो शुद्ध द्रव्य लागते, आणि ज्वारी हे द्रव्य ताणात स्वतःच साठविणारे पीक आहे. कायटोसॅन हे कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळते व सौम्य आम्लातच विरघळते. त्याचा विचार भाजीपाल्यासाठी करावा. ॲसिटिक आम्लाविषयीही एक सावधगिरी हवी. जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये असे दाखविले, की दुष्काळी ताणापूर्वी सौम्य ॲसिटिक आम्ल मुळांना दिल्यास जॅस्मॉनिक आम्लाची संदेशयंत्रणा सक्रिय होऊन रोपे अधिक तग धरतात. ते प्रयोग कुंड्यांतील रोपांवरचे, मोजून दिलेल्या आम्लाचे होते. हे ऐकून कोणी ज्वारीवर व्हिनेगर फवारू नये. तीव्र ॲसिटिक आम्ल तणनाशक म्हणूनही वापरतात.

खरेदी गणेशोत्सवाच्या आसपास, गर्दीपूर्वी उरकावी. फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये दुरुस्ती होऊन जैव-उत्तेजके त्याच्या कक्षेत आली, तेव्हा वनस्पती व शेवाळांचे अर्क, ह्युमिक व फुल्विक आम्ले, अमिनो आम्ले आणि बाष्परोधके हे सगळे आता नियमाखालचे पदार्थ आहेत. लेबलवर घटकांचे प्रमाण, पीक, मात्रा, बॅच क्रमांक आणि तारखा छापलेल्या असाव्यात. अशा उत्पादनात कीटकनाशकाचा अंश दशलक्ष भागांत ०.०१ भागापेक्षा जास्त नसावा असेही बंधन आहे. ‘एकाच बाटलीत ताण, कीड आणि टॉनिक’ असे सांगणारा माल त्यामुळेच संशयास्पद समजावा. युरियाच्या गोणीबरोबर न मागितलेली बाटली माथी मारण्याचा अनुभव या भागात नवा नाही. ती नाकारावी, आणि ऐकले नाही तर पक्क्या पावतीसह तालुका कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.

फवारणीच्या पाण्याची परीक्षा बहुतेक जण विसरतात. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते, आणि कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यात ह्युमिक आम्लाचा साका होतो. काचेच्या स्वच्छ बाटलीत आपले पाणी आणि घटक लेबलच्या प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवावे. तळाशी तपकिरी चोथा बसला किंवा काळसर गुठळ्या तरंगल्या तर ते पाणी चालणार नाही, साठविलेले पावसाचे पाणी वापरावे. पोटॅशियम ह्युमेट अल्कधर्मी असल्याने त्यात सॅलिसिलिक आम्ल किंवा कॅल्शियम नायट्रेट मिसळू नये. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा.

वेळापत्रक कागदावर लिहून ठेवावे. ज्वारीच्या ओलीला संवेदनशील अवस्था साधारण अठ्ठावीस ते तीस दिवसांची जोमदार वाढ, पन्नास ते पंचावन्न दिवसांची पोटरी, सत्तर ते पंचाहत्तर दिवसांचा फुलोरा आणि नव्वद ते पंचाण्णव दिवसांचा दाणे भरण्याचा काळ अशा आहेत. शेवाळ अर्क, सॅलिसिलिक आम्ल किंवा शेवगा रस यांपैकी एकच निवडून पहिली फवारणी तिसाव्या दिवसाच्या आत आणि दुसरी पोटरीपूर्वी करावी. दुपारी पाने गुंडाळून सकाळी उलगडत असतील तर अजून वेळ आहे. सकाळीही गुंडाळलेलीच असतील तर अर्काचा खर्च थांबवावा. तेव्हा, आणि तेही फुलोऱ्यापूर्वी, केओलिन ही पांढरी माती आठ टक्के प्रमाणात फवारता येते: लिटरला ऐंशी ग्रॅम, एकरी सोळा किलो. ती ऊन परतवून पानाचे तापमान व बाष्पीभवन कमी करते. ती रात्रभर भिजवून गाळून घ्यावी आणि फवारताना पंप सतत हलवावा. संरक्षित पाण्याची एखादी पाळी मिळणार असेल, तर ती पोटरीला द्यावी. तिच्यापुढे कोणत्याही फवारणीचे महत्त्व दुय्यम आहे.

या वेळापत्रकातच कोळपण्या बसवाव्यात आणि अवजारे पेरणीपूर्वी लोहाराकडून नीट करून आणावीत. तिसऱ्या आठवड्यात फटीचे कोळपे, पाचव्यात पासेचे आणि आठव्यात दातेरी, हा क्रम सोलापूरच्या जमिनींसाठीच रुजलेला आहे. दातेरी कोळप्याने भेगा मातीने भरतात. उघडी भेग थेट खालच्या थरातील ओल उडवीत असते. पाचव्या आठवड्यात भुसकटाचे किंवा काडाचे आच्छादन मिळाले तर उत्तमच. दाणे भरताना ओल संपलेल्या रानातच खडखड्या या खोड पोकळ करणाऱ्या रोगाने ताटे आडवी पडतात, आणि त्यावर पानावरचा अर्क चालत नाही. ताण पडलेली कोवळी ज्वारी जनावरांना चारू नये, हेही घरात सर्वांना सांगून ठेवावे; धुरिन हे तिचे स्वतःचे नैसर्गिक द्रव्य पोटात गेल्यावर त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते.

ज्यांच्याकडे ज्वारीशेजारी डाळिंब आहे त्यांनी उरलेले द्रावण बागेवर उडवून टाकू नये. बहार धरण्यापूर्वी डाळिंबाला ताण मुद्दाम दिला जातो, आणि त्या काळात वाढीला चालना देणारा अर्क पडला तर ताण मोडतो.

शेवटी, फवारणीच्या आधीच रानात मधोमध चार ओळींचा एक पट्टा खुंट्या ठोकून न फवारता ठेवावा. बांधालगतचा पट्टा घेऊ नये, तिथे ओल आणि सावली वेगळी असते. त्या पट्ट्यातील आणि शेजारच्या फवारलेल्या चार ओळींतील कणसे व कडबा वेगवेगळा मोजावा, आणि फरकाच्या किमतीतून औषधाचा व मजुरीचा खर्च वजा करावा. पावती, रिकामी बाटली आणि बॅच क्रमांक मळणी होईपर्यंत जपून ठेवावेत.