खाऱ्या पाण्याचा टँक सायकल करताय? या चुका टाळा

"टँक सायकल करतोय," असं मी सोसायटीत सांगितलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "म्हणजे रोज त्र्यंबकपर्यंत जाता का?" नाशिकमध्ये सायकल म्हटलं की पहाटे हेल्मेट घालून निघालेली मंडळीच डोळ्यांसमोर येतात, काकांचं काय चुकलं! आमची सायकल काचेच्या पेटीत बसल्या बसल्या चालते. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. बॅक्टेरियांचा एक गट त्याचा नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचा नायट्रेट करतो. हे दोन्ही गट दगडावर, वाळूत पुरेशा संख्येने वसले की सायकल झाली, आणि तोपर्यंत मासा आणायचा नाही, एवढीच गोष्ट. तरी बहुतेकांचे पहिले मासे इथेच जातात. माझेही गेले.

पाणी फिरवलं म्हणजे सायकल झाली

सगळ्यात महाग पडणारी चूक ही, आणि ती मी स्वतः केली आहे. टँक भरला, मीठ घातलं, कोरडे दगड रचले, वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) लावला. पंधरा दिवसांनी दुकानदार म्हणाला, "झाले की पंधरा दिवस, टाका आता." दोन क्लाऊनफिश आणले. तिसऱ्या दिवशी ते पाण्याच्या वरच्या थरात धापा टाकत होते, पाचव्या दिवशी दोन्ही गेले.

नंतर कळलं की त्या पंधरा दिवसांत टँकमध्ये काहीच घडलं नव्हतं. बॅक्टेरियांना खायला अमोनियाच नव्हता, मग ते वाढणार कशावर? दही लावताना विरजण घातलं पण पातेल्यात दूधच नाही, असा तो प्रकार. त्यामुळे "किती दिवस झाले?" हा प्रश्नच सोडून द्या. प्रश्न एकच: आज २ पीपीएम (लिटरला २ मिलीग्रॅम) अमोनिया घातला, तर उद्या याच वेळेला अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतात का? येत असतील तर टँक तयार. कोरड्या दगडांवर याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले चांगले बॅक्टेरिया घातले तर वेळ वाचतो, पण बाटली उन्हात तापलेली किंवा मुदत संपलेली असेल तर तुम्ही पैसे देऊन पाणीच ओतताय.

"डॅमसेल टाका, काटक असतो, तोच सायकल करून देईल" हा डॅमसेल नावाच्या लहान समुद्री माशाबद्दलचा सल्लाही अजून मिळतो. तो ऐकू नका. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि त्या पीएचला अमोनियाचा विषारी हिस्सा पीएच ७ च्या तुलनेत साधारण दहापट असतो. गोड्या पाण्यात जो आकडा मासा सोसतो, तोच इथे त्याचे कल्ले जाळतो. शिवाय डॅमसेल जगलाच तर पुढे आणलेल्या प्रत्येक माशाला तो पळता भुई थोडी करतो, आणि दगड हलवल्याशिवाय हाती लागत नाही.

अमोनिया कुठून आणायचा, किती घालायचा

अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर. भांड्यांना कल्हई करताना धूर निघतो तोच. पण कल्हईवाल्याकडचा खडा टँकमध्ये टाकू नका, त्यात काय मिसळलंय ते सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात शुद्ध पावडर मिळते. साफसफाईचा सुगंधी अमोनियाही नको.

हिशेब सोपा आहे. १०० लिटर पाण्यात २ पीपीएम अमोनिया हवा असेल तर ०.६३ ग्रॅम अमोनियम क्लोराइड लागतं. घरच्या काट्यावर एवढं मोजता येत नाही, म्हणून एक लिटर आरओ पाण्यात ६.३ ग्रॅम विरघळवून ठेवा आणि दर १० लिटरला १० मिली घाला. इथे एक गंमत होते. टँक १२० लिटरचा म्हणून लोक १२० चा हिशेब धरतात, पण दगड आणि वाळूने जागा घेतल्यावर आत पाणी शंभर लिटरच असतं.

जास्त घातलं तर लवकर होईल, असंही नाही. ५ पीपीएमच्या वर गेलं की बॅक्टेरियांची वाढच अडखळते. तसं झालं असेल तर थोडं पाणी बदलून आकडा खाली आणा.

पाणी आणि मीठ

गंगापूर धरणाचं नळाचं पाणी आपल्याला प्यायला गोड लागतं, पण त्यातलं क्लोरीन बॅक्टेरियांना मारतं. दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडालं तरी फॉस्फेट, सिलिका वगैरे राहतंच. बोअरचं पाणी तर बेसॉल्टच्या खडकातून येतं, त्यात सिलिका असणारच. घरच्या आरओवर भरवसा ठेवणाऱ्यांनी आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून पाहावा. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळतात, त्यामुळे आकडा ५० च्या वरही जातो. आपल्याला शून्य हवा, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं भांडं लागतं. वाटेत पितळी नळ, तांब्याची जोडणी नको. तांबं पुढे कोळंबी आणि गोगलगायींच्या जिवावर उठतं.

मुंबईहून कॅन भरून, कसारा घाट चढवून समुद्राचं पाणी आणण्याचा उत्साहही आवरा. किनाऱ्याजवळचं पाणी शहराचं सांडपाणी घेऊन येतं. मीठ मरीन टँकचंच हवं. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट यांचा पत्ता नसतो. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागतं. वेगळ्या ड्रममध्ये पाण्यात मीठ घाला, चोवीस तास फिरवा, मग मोजा. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजणारं उपकरण) ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे घनता १.०२६ च्या आसपास यायला हवी. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घेतलेला असावा.

पाणी आटलं की लोक मिठाचं पाणी भरतात. आटतं ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतं. भर घालताना शून्य टीडीएसचं साधं पाणीच घाला.

आकडा हलतच नाही

अमोनिया दहा दिवस तसाच, असं झालं तर आधी थर्मामीटर बघा. जानेवारीत निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि आपण फरशीवर ठेवलेल्या टँकला हीटर नको म्हणतो! १८ अंशांवर बॅक्टेरिया पांघरूण घेऊन बसतात. २५ ते २७ अंश ठेवा. लिटरला एक वॉट असा हीटर नाशिकच्या थंडीत कमी पडू नये. तापमान ठीक असेल तर पीएच आणि केएच (पीएच टिकवून धरणारे पाण्यातले कार्बोनेट क्षार) तपासा, कारण सायकल चालताना केएच खर्च होतो.

नायट्राइट अडकलाय अशी तक्रार मात्र बहुतेक वेळा किटची असते. २ पीपीएम अमोनियातून सुमारे ५.४ पीपीएम नायट्राइट तयार होतो. बऱ्याच किटचा रंग ५ वरच संपतो. आत १५ असो वा ६, रंग तोच दिसतो आणि आपण महिनाभर "हलत नाही" म्हणत बसतो. एक भाग टँकचं पाणी आणि नऊ भाग आरओ पाणी घेऊन मोजा, आलेल्या आकड्याला दहाने गुणा. दर दोन दिवसांनी आकडा उतरत असेल तर फक्त थांबा, आणि तोपर्यंत नवा अमोनिया घालू नका. नायट्राइट जास्त असताना नायट्रेटची टेस्ट फुगलेला आकडा दाखवते, तिकडे लक्ष देऊ नका. किट खाऱ्या पाण्यासाठी चालणारं आहे ना, हेही डब्यावर बघून घ्या.

मधेच तपकिरी पावडर बसू लागते. ते डायटम (सूक्ष्म शैवाल) असतात. सिलिका संपली की जातात. त्यासाठी दगड काढून नळाखाली घासू नका, महिनाभराची वस्ती एका मिनिटात धुऊन निघते. दिवे या काळात बंदच ठेवा.

लाइव्ह रॉकबद्दल एक सूचना

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये दगडी प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्री घोडे आले. आपल्या किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळ कुणी "लाइव्ह रॉक" (समुद्रातले जीव वसलेला दगड) म्हणून स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. कोरडे किंवा कृत्रिम दगड सावकाश सायकल होतात, पण त्यांच्यासोबत कुठला किडा किंवा खेकडाही घरात येत नाही.

सायकल झाली, आता?

पाण्यात साठलेला नायट्रेट कमी करायला मोठा पाणीबदल करा, अर्धं पाणी बदललं तरी चालेल. मासा यायला वेळ असेल तर बॅक्टेरियांना दोन-तीन दिवसांआड थोडा अमोनिया घालत राहा, नाहीतर वस्ती ओसरते. पहिल्यांदा एक किंवा दोन लहान मासे आणा, आठवडाभर रोज अमोनिया मोजा, मग पुढचे. शनिवारी सहा मासे आणून रविवारी पाहुण्यांना दाखवायचे, हा बेत टाळा. आणि वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्या. वीज गेल्यावर हीटरशिवाय काही तास निघतात, पण फिरतं पाणी थांबलं की मासा आणि बॅक्टेरिया दोघांचाही ऑक्सिजन तुटतो.