फिनी काउंटीत बिऱ्हाड थाटण्यापूर्वी: माणसं, पाणी आणि जनगणनेचे आकडे

कॅन्ससच्या नैर्ऋत्य भागातल्या फिनी काउंटीत, म्हणजे मुख्यतः गार्डन सिटी या गावात, येणारे मराठी लोक बहुतेक रुग्णालयाच्या नोकरीमुळे येतात. जे-वन व्हिसावर रेसिडेन्सी केलेल्या डॉक्टरांना मायदेशी दोन वर्षं परतण्याची अट टाळायची असेल, तर डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ काम करावं लागतं. कॉनरॅड योजनेखाली प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा मिळतात. तीन वर्षं म्हणजे मुलाची बालवाडी ते पहिली. त्यामुळे ‘दिवस काढू आणि जाऊ’ असा हिशोब इथे जमत नाही. गावाची घडण समजून घेतली, तर घर, शाळा, गाडी, पाणी हे सगळे निर्णय सोपे होतात.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा, पण त्यातला कलेक्टर वगळून. निवडून आलेलं कमिशनर मंडळ, ट्रेझरर, क्लर्क, शेरीफ आणि दस्त नोंदवणारा रजिस्टर ऑफ डीड्स मिळून कारभार चालवतात. कोणाच्या वर कोणी साहेब बसलेला नाही. म्हणून एका खिडकीवर अडलेलं काम ‘वरून’ सोडवून घेता येत नाही. बरोबर खिडकी कोणती, हे शोधणं तुमचं काम.

फिनी काउंटीचं क्षेत्रफळ सुमारे १,३०२ चौरस मैल, म्हणजे जवळपास ३,३७० चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत माणसं ३८,४७०, आणि त्यातली २८,१५१ एकट्या गार्डन सिटीत. उरलेली हॉलकम आणि शेतवस्त्यांवर. चौरस किलोमीटरला जेमतेम ११ माणसं. महाराष्ट्रातला सर्वांत विरळ जिल्हा गडचिरोली, तिथेही २०११ साली ७४ होती. विचिटा गाडीने साडेतीन तासांवर, डेन्व्हर पाच तासांच्या पुढे. जवळचं मोठं गाव डॉज सिटी, सुमारे ५० मैलांवर.

आता आकडे. घर विकत घ्यायचं की भाड्याने, याचं उत्तर यांत दडलेलं आहे.

१९३० साली इथे ११,०१४ माणसं होती, १९४० साली १०,०९२. मधे धुळीच्या वादळांचं दशक गेलं. १४ एप्रिल १९३५ चा काळा रविवार याच पट्ट्यातला. पाऊस वर्षाला १९ इंचांच्या आसपास पडतो, आणि गवत उखडून गव्हाखाली आणलेली जमीन कोरडी पडली की वाऱ्यावर जाते. १९८० साली लोकसंख्या २३,८२५ होती. १९९० साली ती ३३,०७० झाली, म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ ३९ टक्के वाढ. अमेरिकेतल्या सपाट मैदानांवरच्या बहुतेक काउंट्या त्या काळात रिकाम्या होत होत्या, त्यामुळे ही उसळी अपवादच. डिसेंबर १९८० मध्ये हॉलकमजवळ आयबीपी कंपनीचा गोमांस प्रक्रियेचा प्रचंड कारखाना सुरू झाला. २००१ पासून तो टायसनकडे आहे. १९८३ साली गार्डन सिटीत दुसरा कारखाना आला. कामगार हवे होते आणि स्थानिक माणसं अपुरी होती. मेक्सिकोतून, टेक्सासमधून आणि व्हिएतनाम-लाओसच्या निर्वासितांमधून माणसं आली. घरं नव्हती, म्हणून ट्रेलर पार्क, म्हणजे चाकांवरच्या तयार घरांच्या वस्त्या, उभे राहिले.

२००० साली ४०,५२३, आणि २०१० साली ३६,७७६. हा उतार बघून ‘गाव मरतंय’ असा निष्कर्ष नवखे लोक काढतात. जनगणनेची तारीख १ एप्रिल २००० होती. त्याच वर्षी नाताळच्या रात्री गावातला तो दुसरा कारखाना जळाला आणि पुन्हा उघडला नाही. सुमारे २,३०० जणांचं काम गेलं. म्हणजे ४०,५२३ हा आकडा आगीच्या आधीच्या भरतीचा आहे. याउलट ऑगस्ट २०१९ मध्ये हॉलकमच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा कंपनीने कामगारांना आठवड्याचे ठरलेले तास भरून पगार दिला आणि डिसेंबरपर्यंत कारखाना पुन्हा चालू केला. चारच महिन्यांनी झालेल्या जनगणनेत गळती दिसली नाही, उलट वाढ दिसली. आग दोन्ही वेळा लागली. फरक पडला तो पगार चालू राहण्याचा.

यातून व्यवहार एवढाच: इथलं घरभाडं आणि घरांच्या किमती दोन-चार मोठ्या मालकांवर झुलतात. तीन वर्षांचाच करार असेल तर भाड्याने राहा. पण भाड्याची घरं कायम कमी असतात, म्हणून रुजू होण्याच्या तीन-चार महिने आधी शोध सुरू करा. करारात ‘नोकरीचं ठिकाण बदलल्यास दोन महिन्यांच्या सूचनेवर सोडता येईल’ असं कलम मागा. घर बघायला शक्यतो दोनदा जा, आणि त्यातली एक वेळ वारा पडलेल्या उन्हाळी संध्याकाळची असू द्या. आसपास गुरांचे मोठमोठे फीडलॉट आहेत आणि वास दिशेप्रमाणे येतो. सकाळी अकरा वाजता घर दाखवणाऱ्या एजंटला हे चांगलं ठाऊक असतं.

स्वतः आकडे काढायचे असतील तर एक खाच लक्षात ठेवा. ६५ हजारांहून कमी वस्तीच्या जागांसाठी सेन्सस ब्युरोच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे एका वर्षाचे सविस्तर आकडे निघत नाहीत, मुख्यतः पाच वर्षांची सरासरी मिळते. कारखान्याची भरती-ओहोटी त्यात पुसली जाते. दुसरं, ‘हिस्पॅनिक’ हा वंशाच्या रकान्यात नसून २०२० पर्यंत वेगळ्या प्रश्नात होता. दोन्हींची बेरीज केली तर १०० टक्क्यांच्या वर जाते आणि लोक चक्रावतात. काउंटीतले निम्म्याच्या आसपास लोक हिस्पॅनिक आहेत, एवढं धरून चाला.

जुना इतिहास शोधणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. १८७३ साली या भागाला सिक्वोया काउंटी म्हणत. १८८३ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर डेव्हिड फिनी यांचं नाव दिलं गेलं. पुढे सीमा हलत राहिल्या. शेजारच्या गारफिल्ड काउंटीत रॅव्हाना आणि एमिनन्स ही दोन गावं मुख्यालयासाठी भांडत बसली. मग मोजणीत काउंटीच राज्यघटनेने सांगितलेल्या ४३२ चौरस मैलांपेक्षा लहान भरली आणि १८९३ मध्ये ती फिनीत विलीन झाली. नकाशावर ईशान्येला जो चौकोन बाहेर आलेला दिसतो, तो हाच. म्हणून १८९३ पूर्वीच्या आकड्यांची आजच्याशी तुलना करू नका. १८९० च्या राष्ट्रीय जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत गेले, पण कॅन्सस स्वतः दर दहा वर्षांनी, पाचाने संपणाऱ्या वर्षी, वेगळी गणना करत असे. १८८५, १८९५, १९०५ ची ती पानं उपयोगी पडतात.

गार्डन सिटी १८७८-७९ मध्ये वसली ती सँटा फे रेल्वेच्या काठाने. आर्कान्सा नदीतून पाट काढून शेती सुरू झाली. १९०६ साली बीटपासून साखर करणारा कारखाना आला. साखर कारखान्याभोवती गाव वाढतं, हे आपल्याला सांगायला नको. ऊसतोडीला जसे मजूर बाहेरून येतात, तसे बीट विरळायला, खुरपायला आणि पाला छाटायला रशियातून आलेले जर्मन व मेक्सिकन लोक आले. आज ज्यांना ‘नवे स्थलांतरित’ म्हटलं जातं, त्यांतल्या काही मेक्सिकन घराण्यांची इथली चौथी-पाचवी पिढी आहे. साखर कारखाना १९५५ मध्ये बंद पडला. नदीही आता गावाजवळ बहुतेक काळ कोरडी वाळू असते. कोलोरॅडोतले आणि वरचे पाट पाणी घेतात, आणि विहिरींनी भूजल खाली नेलं आहे. (कॅन्ससमध्ये नदीचं नाव ‘आर-कॅन-झस’ असं उच्चारतात. ‘आर्कन्सॉ’ म्हणालात तर लगेच दुरुस्ती होते.)

म्हणजे सगळं उभं आहे ते जमिनीखालच्या ओगलाला जलस्तरावर. विमानातून उतरताना हिरवी वर्तुळं दिसतात, ती सेंटर पिव्हटची. पाव सेक्शन म्हणजे १६० एकर. त्यात फिरता नळ साधारण १२५ ते १३० एकर भिजवतो, चार कोपरे कोरडे राहतात. सेक्शन ६४० एकरांचा, एक मैल बाय एक मैल, आणि ३६ सेक्शनांची एक टाउनशिप. आपल्या गट नंबरासारखाच हा पत्ता: ‘वायव्य पाव, सेक्शन १२, टाउनशिप २४ दक्षिण, रेंज ३३ पश्चिम’. टाउनशिप नेब्रास्काच्या सीमेपासून दक्षिणेला मोजतात, रेंज विचिटाजवळच्या मध्यरेषेपासून पश्चिमेला. एकदा हे कळलं की शेतवस्तीवरचा पत्ता अंतरासकट समजतो. रस्तेही मैलामैलावर असेच आखलेले. पण त्यातले बरेच मातीचे आहेत. पाऊस पडला की गाडी साबणावर चालल्यासारखी घसरते, आणि मोबाइलचा नकाशा मात्र खुशाल तिकडूनच नेतो. जुलै-ऑगस्टमध्ये मका डोक्याच्या वर जातो, तेव्हा पाटी नसलेल्या चौकात डाव्या-उजव्या बाजूची गाडी दिसतच नाही. तिथे वेग अगदी उतरवा.

गावाबाहेर विहिरीचं घर घेणार असाल, तर करारापूर्वी पाण्याची तपासणी करा. नायट्रेटची मर्यादा (नायट्रोजनच्या हिशोबात) लिटरला १० मिलिग्रॅम, युरेनियमची ३० मायक्रोग्रॅम. आर्कान्सा खोऱ्यातल्या भूजलात युरेनियम आढळतं, ही इथली खरी अडचण आहे. ‘उकळून पिऊ’ हा आपला उपाय इथे उलटा पडतो: पाणी आटतं आणि नायट्रेट आणखी दाट होतं. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी असं पाणी धोक्याचं. पाणी मऊ करणारं यंत्र नायट्रेट काढत नाही. स्वयंपाकघरातल्या नळाला आरओ लावा आणि दरवर्षी पुन्हा तपासा. शेतजमीन घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: १९४५ च्या कायद्यापासून कॅन्ससमध्ये पाण्याचा हक्क वेगळा नोंदलेला असतो, आणि ज्याची नोंद आधीची त्याला पाणी आधी. जमीन बघितली, पण हक्काचा क्रमांक आणि वर्ष बघितलं नाही, तर कोरडी जमीन गळ्यात पडते.

कागदपत्रं. लायसन्स आणि गाडीची नोंदणी, दोन्हींना ९० दिवस. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर आधी गाडीच्या चासी क्रमांकाची तपासणी, मग टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) आणि विमा घेऊन काउंटी ट्रेझररकडे. टायटल कर्ज देणाऱ्या बँकेकडे असेल तर ते मागवायला आठवडे जातात. बहुतेकांचे ९० दिवस इथेच संपतात. म्हणून पहिल्या आठवड्यातच बँकेला लिहा. नंबरपाटीच्या पैशांत गाडीवरचा मालमत्ता करही असतो, त्यामुळे नव्या गाडीचं बिल बघून दचकू नका.

घरपट्टीचा हिशोब असा: घराच्या किमतीच्या ११.५ टक्के रक्कम धरायची आणि तिला मिलचा दर लावायचा. समजा घर २ लाख डॉलरचं आणि दर १५० मिल. २३,००० च्या प्रत्येक हजारामागे १५० डॉलर, म्हणजे ३,४५०, वजा शाळेच्या करातली थोडी सूट. पहिला हप्ता २० डिसेंबर, दुसरा १० मे. मूल्यांकनाची नोटीस वसंताच्या सुरुवातीला येते. हरकत घ्यायला ३० दिवस असतात, त्यामुळे पाकीट जाहिरात समजून टाकून देऊ नका.

मे-जूनमध्ये गारपीट होते. गाडीच्या विम्यात फक्त अपघात नको, ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ हवं. घराच्या विम्यात वारा-गारांसाठी वेगळा, टक्केवारीतला डिडक्टिबल (नुकसानीतला आपण स्वतः भरायचा भाग) असतो, तो वाचा. छप्पर कोणत्या वर्षी घातलं हेही विचारा. टोर्नेडोचा ‘वॉच’ म्हणजे शक्यता, ‘वॉर्निंग’ म्हणजे आत्ता तळघरात. ट्रेलरमध्ये राहणाऱ्याने वॉचलाच पक्क्या इमारतीत जायचं.

डॉक्टरांसाठी शेवटची गोष्ट. तुमच्याकडे येणारे बरेच रुग्ण मांस कारखान्याच्या लाइनवरचे असतील: मनगट, खांदा, सुरीच्या जखमा. स्पॅनिश, व्हिएतनामी, सोमाली, म्यानमारच्या भाषा ऐकू येतील. ग्वाटेमालाचा माणूस स्पॅनिश बोलतोच असं धरू नका; काहींची मातृभाषा किचे असते. सोबत आलेल्या मुलाला दुभाषा करू नका. रुग्णालयाने दुभाषा द्यायचा असतो, तो मागा. या गावात सगळं गोडीगुलाबीचं आहे असंही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये सोमाली कुटुंबांची वसाहत उडवण्याचा कट उघड झाला, आणि तिघांना पुढे लांब मुदतीच्या शिक्षा झाल्या. गुरांच्या धंद्याबद्दल तुमचं मत काहीही असो, ते पहिल्या महिन्यात चहाच्या टेबलावर मांडू नका. समोरच्याचं घर त्यावर चालतं.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. कोथिंबीर, हिरवी मिरची, चिंच मेक्सिकन दुकानांत ताजी मिळते. मासा हारिना हे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, त्याची भाकरी आपल्या चवीची होत नाही. खरी गंमत ज्वारीची. कॅन्सस हे अमेरिकेतलं सर्वाधिक ज्वारी पिकवणारं राज्य, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ‘माइलो’ उभा असतो, आणि गावात भाकरीला पीठ शोधावं लागतं. तो तांबूस दाणा जनावरांसाठी आणि इथेनॉलसाठी असतो. बियाण्याच्या पोत्यातला दाणा तर बुरशीनाशक लावलेला, तो चुकूनही दळू नका. पांढऱ्या, खाण्याच्या ज्वारीचं पीठ विचिटा किंवा डेन्व्हरच्या भारतीय दुकानातून आणा, किंवा ऑनलाइन मागवा. इथली हवा इतकी कोरडी की उघड्या ठेवलेल्या पिठाच्या भाकरीला लवकर चिरा पडतात. पीठ फ्रीजरमध्ये ठेवा, आणि मळताना पाणी कडकडीत घ्या.